रात्रीची करेक्शन आणि आपली तब्येत

14 एप्रिल जवळ आला, की प्रभादेवीत घरबसल्या बॅनर-पत्रिका डिझाइन करणाऱ्या आपल्या मुलामुलींना रात्री बारालाही फोन येतो, "एक नाव राहिलं!" जागरणाने डोळे चुरचुरतात, मान आखडते, चुकाही वाढतात.

म्हणून काम घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून ठरवा: करेक्शन दोनदाच, एकाच माणसाकडून, छपाईच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर जादा पैसे. तरीही फोन आला, तर "सकाळी करून देतो" म्हणा.

दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर नजर टाका. 7 तास झोपा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 मध्ये, बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. घरातल्या कामालाही मर्यादा हवीच.