आरी, दोरा आणि वही : हस्तकलेच्या वर्गातील एक पाठ

आपल्या वसतिगृहात शैक्षणिक वर्ष संपले की जुन्या वह्यांचा ढीग साचतो. त्यांतील कित्येक वह्यांची पाने कोरीच राहिलेली असतात. ही पाने सोडवून त्यांच्या नव्या वह्या बांधणे, हा आठवी-नववीच्या हस्तकला वर्गाचा पहिला पाठ आम्ही ठेवला आहे. पाठ साधा आहे. परंतु त्याने आम्हां शिक्षकांनाही बरेच शिकविले. स्मरणिकेच्या निमित्ताने तो येथे मांडीत आहोत.

हा वर्ग सुरू झाला त्या वर्षी एक पालक आम्हांला भेटावयास आले. मुलाच्या हातात आरी पाहून ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “सर, आमच्या बापजाद्यांच्या हातातली ही सुटावी म्हणून पोराला इथं ठेवलं. तुम्ही पुन्हा तीच दिली?”

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. चामडे शिवणाऱ्याची आरी आणि पुस्तक बांधणाऱ्याची आरी यांत फारसा फरक नसतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात मांडले. माणसाची आवड वा कुवत न पाहता जन्मावरून त्याच्या माथी काम मारले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. त्या पालकांचा प्रश्न याच अनुभवातून आला होता. म्हणून वर्ग बंद न करता तो कसा चालावा, याचा आम्ही नव्याने विचार केला.

प्रथम पाठ कसा चालतो ते सांगतो. विद्यार्थी कागदाचा एक लहान चौकोन कापून त्याची एक बाजू ओली करतात. कागद आपोआप वळतो आणि त्याची नळी होते. नळीची लांबी ज्या दिशेस, त्या दिशेस कागदाचे तंतू धावतात. ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात, म्हणून असे घडते. तंतू वहीच्या कण्याला समांतर असावे लागतात. नाहीतर पुठ्ठा वाकतो आणि पाने नीट उघडत नाहीत. पाठ्यपुस्तकातले विज्ञान येथे बोटांना कळते.

नंतर चार कागद मधोमध दुमडून एकात एक घालावयाचे. आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा संच तयार होतो. दुमडीवर आरीने तीन भोके पाडावयाची : एक मध्ये, दोन टोकांकडे समान अंतरावर. येथे भूमितीची मोजपट्टी कामास येते. मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकातून बाहेर न्यावा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावा. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्याची दोन टोके ठेवून गाठ मारली की शिवण घट्ट बसते. शेवटी मैद्याच्या खळीने पुठ्ठा आणि कापड चिकटवून वही रात्रभर वजनाखाली ठेवावयाची.

आता बदल सांगतो. पहिला : हा तास वर्गातील प्रत्येक मुलामुलीस सारखाच आहे. कोणाच्या घरी कोणते काम चालते, हे आम्ही विचारीत नाही आणि ‘तुला हे जमेलच’ असे कोणास म्हणत नाही. दुसरा : कात्रणे झाडण्याची पाळी अनुक्रमांकाने येते, तीत शिक्षकांचेही क्रमांक आहेत. तिसरा : प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर बांधणाऱ्याचे नाव असते आणि शेजारी हिशेब असतो : दोरा किती, कापड किती, वेळ किती, आणि या सर्वांचे मोल किती. आपल्या कष्टाची किंमत ज्याला मांडता येते, त्याला कोणी फुकट राबवू पाहील तर ते त्याच्या ध्यानात येते.

वर्षअखेरीस ते पालक पुन्हा आले. मुलाने बांधलेली वही त्यांनी उघडली, कण्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, “दोरा वर ओढलाय. कण्याच्या रेषेत ओढायचा, म्हणजे कागद फाटत नाही.” त्यांनी एक टाका घालून दाखविला. मुले भोवती जमली होती. त्या दिवशी त्या वर्गाचे शिक्षक तेच होते. जाताना मात्र त्यांनी बजावले, “शिकवा, पण गणिताचा तास कापू नका.” ते आम्ही मानले, हस्तकलेचा तास आजही वेळापत्रकात स्वतंत्र आहे.

हात कुशल असणे ही गुलामी नव्हे. कामाची निवड, त्यामागील ज्ञान आणि त्याचे मोल ही तिन्ही ज्याच्याकडून हिरावली जातात, त्याच्या हातातील आरी हे ओझे ठरते. तिन्ही ज्याच्या हाती असतात, त्याच्याकरिता तीच आरी एक साधन होते. हा भेद मुलांना व्याख्यानाने समजत नाही. तो वही बांधता बांधता समजतो.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती आहे : आपल्या हातांना जे येते, ते एका दुपारी येऊन या मुलांना दाखवावे. वर्गात आपल्यासाठी जागा आहे. कात्रणे झाडण्याच्या पाळीत क्रमांकही मिळेल.