राजूर घाट, मोताळा आणि थरथरणारा जायरोस्कोप

मोताळ्याहून बुलढाण्याला निघालेली एस.टी. राजूर घाटात वळली, की ते वळण आपल्या हातातल्या मोबाईललाही कळतं. आता मोबाईलमध्ये भिंगरीसारखं फिरणारं चाक तर नसतं! त्यात असतो स्प्रिंगांवर थरथरणारा सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा. तो वळण कसं ओळखतो, ते पाहू या.

तत्त्व जुनंच आहे. १८५१ साली फुको यांनी पॅरिसमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून झुलवला. लंबकाची झुलण्याची पातळी हळूहळू सरकते, कारण खालची पृथ्वी फिरत असते. पुण्याच्या ‘आयुका’मध्येही असा लंबक आहे. मोताळ्यात तो टांगला तर? अक्षांश सुमारे २०.७ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. १५ ला साइन २०.७ ने गुणा, उत्तर येतं ५.३. म्हणजे तासाला ५.३ अंश, आणि पूर्ण फेरीला सुमारे ६८ तास.

हाच झुलता लंबक चिपवर बसवला की झाला जायरो. कंगव्यासारख्या दातांमध्ये विद्युतदाब देऊन वस्तुमान क्ष दिशेत हलवत ठेवायचं. चिप वळली की कोरिऑलिस बल त्याला काटकोनात, य दिशेत ढकलतं. ते हलणं धारकतेतल्या बदलावरून मोजायचं.

इथवर सोपं वाटतं. आता आकडे घालू. समजा वारंवारता १० किलोहर्ट्झ, आयाम ५ मायक्रोमीटर, दोन्ही दिशांच्या वारंवारतांत फरक २०० हर्ट्झ. चिप सेकंदाला १ अंश वळली, तर य दिशेतलं हलणं भरतं फक्त ०.०७ नॅनोमीटर. सिलिकॉनचा अणूसुद्धा याहून मोठा! शिवाय कोरिऑलिस त्वरण हे क्ष दिशेतल्या त्वरणाच्या सुमारे अठरा लाखांश असतं. म्हणजे कोरताना स्प्रिंग केसभर जरी तिरकी झाली, तरी न वळताच ‘वळलो’ असा खोटा संकेत येणार, आणि तो खऱ्या संकेताहून कितीतरी मोठा असणार.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? इथे वेळ कामी येते. कोरिऑलिस बल वेगावर अवलंबून असतं, म्हणून वस्तुमान मध्यातून जाताना ते सर्वाधिक असतं. तिरक्या स्प्रिंगचं बल विस्थापनावर अवलंबून, म्हणून ते टोकाला सर्वाधिक. दोघांत पाव आवर्तनाचा फरक पडतो. सर्किट नेमकं मध्यातल्या क्षणाशी जुळवून मोजतं, आणि खोटा संकेत बराचसा गळून जातो.

दोन्ही वारंवारता सारख्याच केल्या तर? संकेत कित्येक पटींनी वाढतो, पण प्रतिसाद मंदावतो. गुणवत्तांक १०,००० असेल, तर बँडविड्थ उरते जेमतेम अर्धा हर्ट्झ. घाटातलं झटपट वळण संपून जाईल, तरी जायरो विचारातच! म्हणून संवेदनशीलता हवी की चपळाई, हे डिझाइन करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. त्यात उन्हानं मोबाईल तापला, की स्प्रिंगची ताठरता बदलून शून्यही सरकतं.

करून बघा. सेन्सरचे आकडे दाखवणारं अ‍ॅप घ्या, मोबाईल टेबलावर सपाट ठेवून उभ्या अक्षाचं एक मिनिटाचं सरासरी वाचन नोंदवा. मग मोबाईल पालथा करून पुन्हा नोंदवा. यंत्राचा दोष दोन्ही वेळा तोच राहील, पृथ्वीच्या फिरण्याचं चिन्ह मात्र उलटेल. मोताळ्यासाठी ते मूल्य आहे सेकंदाला सुमारे ०.००१५ अंश. साध्या मोबाईलमध्ये ते बहुधा गोंगाटातच बुडेल. किती बुडतं, हे मोजलंत की आपल्या जायरोची खरी पत आपोआप कळेल.