खर्जाचा आवाज भिंतीत का अडत नाही?

एखाद्या इमारतीच्या तळघरातील खोलीत काही मुले वाद्यवृंदाचा सराव करीत आहेत, अशी कल्पना करा. वर तळमजल्यावर राहणाऱ्या आजोबांना गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, गिटारचे वरचे सूरही नाहीत. ऐकू येते ती फक्त 'धुम धुम'. झोपमोड होते ती तिच्यामुळेच. तक्रार आल्यावर मुले भिंतींना फोमचे तक्ते किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवतात. खोलीतील घुमणे कमी होते, पण वरची धुमधुम मात्र कायम! असे का व्हावे?

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. या वेगाला वारंवारतेने, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, भागले की तरंगलांबी मिळते. ३४०० हर्ट्झच्या तार स्वराची तरंगलांबी १० सेंटिमीटर भरते. ५० हर्ट्झच्या खर्जाची ६.८ मीटर! सच्छिद्र पदार्थाने आवाज चांगला शोषावा, तर त्याची जाडी तरंगलांबीच्या पाव हिश्शाच्या जवळपास हवी. तार स्वराला अडीच सेंटिमीटर फोम पुरतो; खर्जाला १.७ मीटर जाडीचा थर लागेल. अंड्यांचे ट्रे तर कागदाच्या लगद्याचे, हलके. त्यांनी खर्ज अडत नाहीच, शिवाय आगीची भीती वाढते.

मग भिंत आवाज कशी अडवते? आवाजाच्या दाबाने भिंत किंचित हलते आणि पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. शिवाय दाबाची दिशा जितक्या झटपट बदलेल, तितकी तिला हलायला सवड कमी मिळते. यावरून एक ढोबळ नियम निघतो : वस्तुमान दुप्पट केले की रोध सुमारे ६ डेसिबेलने वाढतो आणि वारंवारता दुप्पट झाली तरी तेवढाच वाढतो. ५० पासून १६०० हर्ट्झपर्यंत वारंवारता पाच वेळा दुप्पट होते. म्हणजे एकाच भिंतीचा रोध खर्जाला ३० डेसिबेलने कमी पडतो. ऊर्जेच्या हिशेबाने हा फरक हजारपट होय! प्रत्यक्ष भिंतीत हा आकडा थोडाफार बदलतो, पण कल हाच राहतो.

तळघराच्या भिंतींना बाहेरून मातीचा आधार असतो. त्यामुळे आवाज मुख्यतः तीन वाटांनी निसटतो : दार आणि जिना, वरचा स्लॅब, आणि जमिनीतून खांबांत शिरणारे हादरे.

पहिली वाट फटींची. १ मीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर भिंतीच्या एक हजारांश भरते. भिंत कितीही जाड असली, तरी एवढ्या फटीमुळे एकूण रोध ३० डेसिबेलच्या पुढे फारसा जात नाही. म्हणून आधी दार जड करावे आणि चौकटीला रबरी पट्टी लावावी. हे काम सर्वांत स्वस्त आहे.

दुसरी वाट स्लॅबची. १२ सेंटिमीटरच्या स्लॅबचे वस्तुमान दुप्पट करायचे, तर आणखी १२ सेंटिमीटर काँक्रीट ओतावे लागेल आणि मिळतील फक्त ६ डेसिबेल. येथे दुसरी युक्ती हवी. ती समजण्यासाठी हा प्रयोग करा.

सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी घ्या. तिच्या टोकाला अर्धी वीट घट्ट बांधा आणि पट्टी हातात धरून वीट लोंबती ठेवा. पाय बाजूला असू द्या. हात अगदी सावकाश वर-खाली करा. वीट हाताबरोबर हलेल. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक लयीला वीट हातापेक्षाही जोरात उसळेल. हाच अनुनाद. आता हात भराभर हलवा. वीट जवळजवळ स्थिर राहील!

हात म्हणजे स्लॅब, पट्टी म्हणजे मधली हवा आणि वीट म्हणजे स्लॅबखाली स्प्रिंगच्या आधाराने टांगलेले दुसरे छत. येथे छत हलते आणि स्लॅबला हादरा पोचतो, इतकाच फरक. अनुनादाची वारंवारता काढण्यासाठी छताचे दर चौरस मीटरचे वस्तुमान (किलोग्रॅम) आणि पोकळीची खोली (मीटर) यांचा गुणाकार करा, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने ६० ला भागा. फायदा सुरू होतो तो या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वर.

जिप्सम बोर्डाचा एक थर सुमारे ९ किलोग्रॅमचा. तो ५ सेंटिमीटर पोकळी ठेवून लावला, तर अनुनाद ९० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे नेमका मोठ्या ड्रमच्या पट्ट्यात! धुमधुम कमी होण्याऐवजी वाढायची. तेच तीन थर आणि २० सेंटिमीटर पोकळी घेतली, तर अनुनाद २६ हर्ट्झवर उतरतो आणि ३७ हर्ट्झच्या वर फायदा मिळतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. तीही या कक्षेत आली. मात्र एवढे वजन टांगण्याआधी अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे.

तिसरी वाट हादऱ्यांची. येथेही वीट आणि पट्टीचाच न्याय लागतो. ड्रम जड फळीवर आणि फळी मऊ रबराच्या गाद्यांवर ठेवावी. रबर वजनाने दबले पाहिजे. कडक रबर दबत नाही, म्हणून त्याचा उपयोगही होत नाही.

एक इशारा. सर्व फटी बुजवलेल्या खोलीत हवा खेळती राहत नाही. म्हणून आतून अस्तर लावलेला, वळणे घेत जाणारा वायुमार्ग ठेवावाच.

आणि बिनखर्चाचा उपाय विसरू नका. स्पीकर कोपऱ्यात असला की खर्ज फुगतो. तो कोपऱ्यातून बाहेर काढा, खर्जाची कळ थोडी उतरवा आणि सरावाची वेळ आजोबांना विचारून ठरवा.

सोडवून पाहा : जिप्सम बोर्डाचे दोन थर १० सेंटिमीटर पोकळी ठेवून टांगले, तर अनुनाद किती हर्ट्झला येईल? बेस गिटारची जाड तार अडेल काय? (उत्तर : सुमारे ४५ हर्ट्झ, फायदा ६३ हर्ट्झच्या वर, म्हणून अडणार नाही.)