जहाजावरचा भंडारी

उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातली मोठी जहाजं आपल्या मुलांना ठाऊक आहेत. पण त्यांवर जेवण कोण रांधतं? भारतीय खलाशांच्या बोलीत त्या आचाऱ्याला ‘भंडारी’ म्हणतात. इथं हे समाजाचं नाव नव्हे, कामाचं.

काम हलकं नाही. सागरी कामगार करार, 2006 नुसार आचारी किमान 18 वर्षांचा आणि प्रशिक्षित हवा. भारतानं हा करार 2015 मध्ये स्वीकारला.

वर्गात हिशोब घ्या: 20 खलाशी, 30 दिवस, माणशी रोज 150 ग्रॅम तांदूळ, म्हणजे किती? 90 किलो! भर समुद्रात दुकान नसतं.

पालकांनो, नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घ्यायला याच करारात मनाई आहे. एजंटनं पैसे मागितले, तर थांबा. नौवहन महासंचालनालयाकडे त्याचा परवाना तपासा.