बिनतारी जाळ्याच्या संज्ञा : नाव आणि अर्थ

'बिनतारी' हा शब्द मराठीला नवा नाही. पोलीस खात्याच्या बिनतारी संदेश यंत्रणेमुळे तो आपल्या चांगला परिचयाचा आहे. मात्र बिनतारी जाळे घरोघरी पोहोचले तेव्हा हा शब्द मागे पडला आणि वाय-फाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉट ही नावे रूढ झाली. त्यांना प्रतिशब्द कोणते, हा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जातो. त्याआधी मूळ शब्दांचा अर्थ नेमका कळायला हवा.

'वाय-फाय' हे 'वायरलेस फिडेलिटी'चे लघुरूप आहे, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः तसे नाही. आय-ट्रिपल-ई या संस्थेचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले. असे आकडी नाव लोकांच्या तोंडी बसणे कठीण होते. म्हणून १९९९ मध्ये इंटरब्रँड या कंपनीकडून 'हाय-फाय'शी यमक जुळणारे हे नाव घडवून घेण्यात आले. फिडेलिटीची फोड त्याला मागाहून चिकटली. 'ब्लूटूथ' हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आले. त्याने डेन्मार्क व नॉर्वे एका सत्तेखाली आणले, तसे हे तंत्र निरनिराळी उपकरणे जवळच्या अंतरावर जोडते, ही त्यामागची कल्पना. ही दोन्ही विशेषनामे आहेत. त्यांचे भाषांतर करण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

नावे तशीच ठेवावीत, पण त्यांमागचा व्यवहार मराठीत समजावून द्यावा. 'वाय-फाय गेलं' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय गेलेले असते? राउटर आणि मोबाइल यांच्यामधली बिनतारी जोडणी म्हणजे वाय-फाय. राउटरच्या पलीकडे, सेवा पुरवणाऱ्या कंपनीमार्फत मिळते ते इंटरनेट. मोबाइलवरची पंख्यासारखी खूण फक्त राउटरकडून येणाऱ्या तरंगांचे बळ दाखवते. म्हणून ती पूर्ण भरलेली असूनही पान उघडत नाही, असे घडते. ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद ठाऊक असेल, तर अशा वेळी तो राउटरजवळ जागा बदलत बसणार नाही. तो दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून घेईल, म्हणजे त्या मोबाइलचे इंटरनेट वाय-फायच्या मार्गाने आपल्या उपकरणावर घेईल.

'५जी' या संज्ञेने तर दुहेरी घोटाळा होतो. मोबाइल सेवेतील '५जी' म्हणजे पाचवी पिढी. ही सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. घरच्या वाय-फायच्या नावापुढे दिसणारे '५जी' मात्र बहुधा ५ गिगाहर्ट्झ ही वारंवारता सुचवते. पहिल्यातला 'जी' जनरेशनचा, दुसऱ्यातला गिगाहर्ट्झचा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा पर्यायही असतो. त्याचे तरंग भिंतींतून अधिक दूर पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण पल्ला कमी. जाड भिंतींच्या जुन्या घरात आतल्या खोलीसाठी २.४ हाच पर्याय बरा, हे यावरून लक्षात येईल.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर कन्नड, कोकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू सतत पडत असते. वाय-फाय आणि ब्लूटूथ ही नावे त्या सर्व भाषांत तीच आहेत. त्यामुळे मराठीचे काम नावांपाशी नाही, स्पष्टीकरणापाशी आहे. बिनतारी, जोडणी, तरंग, वारंवारता, पल्ला हे शब्द आपल्याजवळ तयार आहेत. शिक्षकांनी ते वर्गात आणि लेखकांनी लेखनात वापरले, तरच ते परिभाषा कोशाबाहेर टिकतील.