कडू लागलेला दाणा थुंकून टाका

पावसाळ्यात दवाखान्यात हमखास येणारा प्रश्न असा: “डॉक्टर, डब्यातल्या दाण्यांना जरा बुरशी आली होती. उन्हात घातले, खरपूस भाजले. आता कूट करायला हरकत नाही ना?”

हरकत आहे. उन्हाने आणि भाजण्याने बुरशी मरते, पण मरण्याआधी तिने दाण्यात जे विष सोडलेलं असतं ते बरंचसं तिथेच राहतं. त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी आणि तिच्या एक-दोन बहिणी ते तयार करतात. त्याच्या प्रकारांपैकी बी-१ सर्वांत जहाल. शुद्ध बी-१ मोडायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं. आपला कुकर पोचतो जेमतेम एकशेवीस अंशांपर्यंत, तळणीचं तेल एकशेऐंशीच्या आसपास. भाजल्यावर विषाचा काही भाग कमी होतो हे खरं, पण उरलेलं खाण्याजोगं होत नाही. आमटी कितीही उकळा, त्यात फरक पडत नाही.

या विषाचा शोध लागला तो १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये. तिथे काही महिन्यांत लाखावर टर्की पक्षी मेले. कारण सापडेना म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. माग काढत गेल्यावर तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोचला. पेंडीत बुरशीचं विष होतं आणि पक्ष्यांची यकृतं त्यानेच निकामी केली होती.

माणसांवरचा घाला आपल्या शेजारीच पडला. १९७४ च्या पावसाळ्याअखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं दगावू लागली. सुरुवातीला ही नेहमीची साथीची कावीळ वाटली. पण घरातली कुत्रीही मरत होती, आणि माणसांच्या काविळीचा विषाणू कुत्र्यांना बाधत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी घराघरांतला मका तपासला. अवकाळी पावसात भिजलेला आणि तसाच साठवलेला तो मका बुरशीने भरलेला होता. किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन! आज भारतात धान्यासाठी ठरलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या घरांत रोजच्या भाकरीत मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष जात होतं. शंभराच्या आसपास माणसं गेली. केनियात २००४ मध्ये मक्यानेच असा प्रकार घडला. तिथे ३१७ जणांना बाधा झाली, १२५ दगावले.

असं एकदम अंगावर येणारं विष आपल्या शहरी ताटात सहसा नसतं. आपल्याला काळजी आहे ती थोड्या थोड्या प्रमाणात, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या विषाची.

यकृतात नेमकं काय होतं?

शरीरात आलेली परकी वस्तू पाण्यात विरघळेल अशी करून बाहेर टाकणं हे यकृताचं रोजचं काम. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत हेच काम अंगाशी येतं. सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं बी-१ ला ऑक्सिजन जोडतात आणि त्यातून इपॉक्साइड नावाचं अत्यंत चंचल रूप तयार होतं. ते क्षणार्धात समोर येईल त्याला चिकटतं. ग्लुटाथायोन हे शरीराचं संरक्षक द्रव्य गाठ पडलं तर निष्प्रभ होऊन बाहेर पडतं. नाही पडलं तर डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. पेशीची नक्कल होताना त्या जागी चूक होते. पी-५३ या जनुकाचं काम बिघडलेल्या पेशीला आवर घालण्याचं. त्याच्याच २४९ क्रमांकाच्या जागी ही चूक झाली, की आवर घालणाराच कामातून जातो. चीनच्या आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या ज्या भागांत अफ्लाटॉक्सिन जास्त आहे, तिथल्या यकृताच्या कर्करोगांत नेमकी याच जागेची चूक पुन्हा पुन्हा सापडली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलं आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळ्यात मोठा फायदा तिच्यात आहे. शांघायमध्ये १८ हजारांवर पुरुषांचा पाठपुरावा केला गेला. नुसतं अफ्लाटॉक्सिन पोटात जाणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट आढळला, नुसता हेपॅटायटिस बी असणाऱ्यांना सुमारे सात पट. दोन्ही असतील तर? साठ पटींच्या घरात! ही बेरीज नाही, गुणाकाराच्याही पुढची मजल आहे. अन्नातला प्रत्येक कण काही आपल्या हातात नाही. हेपॅटायटिस बी मात्र लशीने टाळता येतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला.

घरात काय कराल?

पहिलं काम निवडण्याचं. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. पोतंभर चांगल्या मालात मूठभर दाणे वाईट असतात आणि बहुतेक विष त्या मुठीत असतं. म्हणून आजीबाईंची ताटात दाणे पसरून निवडण्याची सवय प्रयोगशाळेच्या कसोटीलाही उतरते. ताट उजेडात घ्या. सुरकुतलेले, पोचट, काळपट डागाचे, कोंब फुटलेले, किडीने भोक पाडलेले दाणे बाजूला काढा. शंका आली तर दाणा दोन डाळिंब्यांत फोडून बघा. वरून ठीक दिसणाऱ्या दाण्याच्या आतल्या पोकळीत हिरवट-करडी भुकटी दिसते, ती बुरशी. अफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव किंवा वास नाही, पण बिघडलेला दाणा बऱ्याचदा कडू किंवा खवट लागतो. तो गिळू नका, चारचौघांत असलात तरी थुंका. आणि चांगली चव म्हणजे विष नाही, असा उलटा अर्थही काढू नका.

विकतचं तयार कूट टाळा. कुटात वाईट दाणा ओळखू येत नाही, आणि दुकानदार स्वस्तातले तुकडे कुठे वापरतो हे कळायला मार्ग नाही. अख्खे दाणे आणा, निवडा, आठवडाभराचंच कूट करून फ्रिजमध्ये ठेवा. श्रावणात आणि नवरात्रात खिचडी, आमटी, लाडू असे दाणे पोटात जास्त जातात, तेव्हा तर हे पाळाच. सुक्या खोबऱ्याच्या वाटीला आणि लाल मिरचीला तोच नियम. खोबऱ्यावरची बुरशी खरवडून वाटी वापरू नका, वाटीच टाका.

दुसरं काम ओल रोखण्याचं. दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात वर्षाचा साठा करण्यापेक्षा महिन्याचा माल आणा. घरची शेंग असेल तर काढल्यावर ढीग न घालता पसरून वाळवा. शेंग कानाशी हलवल्यावर आतले दाणे खुळखुळले की वाळली समजा. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला.

घाण्याच्या तेलाबद्दल हल्ली खूप विचारणा होते. तेल काढताना विषाचा मोठा भाग पेंडीत जातो, थोडा तेलातही उतरतो. रिफायनिंगमध्ये तो जवळजवळ निघून जातो, घाण्याच्या तेलात ती पायरीच नाही. म्हणून घाण्याचं तेल घ्यायचं तर घाण्यात काय पडतं ते डोळ्यांनी बघा, शक्य तर निवडलेले दाणे स्वतः घेऊन जा.

आणि निवडून काढलेला वाईट माल गाईला किंवा कोंबड्यांना घालू नका. गाईने खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण एक-दोन टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईंत सहा टक्क्यांपर्यंत, एम-१ या रूपात दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. आपल्याकडे दुधासाठी मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. पशुपालक वाचकांना दिलासा एवढाच की बुरशीची पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होऊ लागतं.

डॉक्टरकडे केव्हा?

एक-दोन कडू दाणे गिळले गेले म्हणून घाबरून येऊ नका, त्याने काही होत नाही. पण घरातल्या एकाहून जास्त माणसांना उलट्या, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि घरातल्या धान्याचा नमुना सोबत न्या. ‘यकृत स्वच्छ करणारी’ चूर्णं आणि काढे अफ्लाटॉक्सिन धुऊन काढत नाहीत. उलट काहींनी यकृतालाच इजा होते. आधीच यकृताचा आजार असेल, दारूची सवय असेल, तर दाणे निवडण्यात अधिक काटेकोर राहा.

दाणे मात्र सोडू नका. त्यात चतुर्थांशाच्या आसपास प्रथिनं असतात आणि गरिबाच्या घरातलं ते मोठं बळ आहे.

या आठवड्यात दोन कामं करा. स्वयंपाकघरातला दाण्यांचा डबा ताटात रिकामा करून निवडा. आणि घरातल्या प्रत्येकाची हेपॅटायटिस बी ची लस झाली आहे का ते तपासा. सरकारी लसीकरणात ती २०११ पासून देशभर आहे, त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना मिळालेली नाही. मोठ्यांनी आधी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करावी. ती निगेटिव्ह आली तर सहा महिन्यांत तीन डोस. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नये, पण यकृतविकाराच्या डॉक्टरांकडे नियमित तपासणी चुकवू नये. बाळ होणार असेल त्या घराने पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळेल याची रुग्णालयाकडे आधीच खात्री करून घ्यावी.