मृगातील तेजोमेघ : क्षणचित्रांच्या बेरजेचा एक निरीक्षणपाठ

(इयत्ता ७ वी व ८ वी; विषय : सामान्य विज्ञान; समवाय : गणित)

आकाशदर्शनाचा पाठ बहुतेक शाळांत चंद्राच्या कला, ध्रुवतारा आणि सप्तर्षी येथवर येऊन थांबतो. त्यापुढे जाण्यास मोठी साधने लागतात, असा आपला समज असतो. साधी दुर्बीण व मोबाइल एवढ्या साहित्यावर अतिदूरच्या तेजोमेघाचे छायाचित्र कसे घेता येते, आणि त्यातून मुलांना काय शिकविता येते, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

पाठामागील प्रसंग

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात शाळेच्या पटांगणावर मी मुलांना मृग नक्षत्रातील तेजोमेघ दाखवीत होतो. त्याचे गुलाबी-जांभळे चित्र मुलांनी दुपारीच एका पुस्तकात पाहिले होते. रांगेतील एक मुलगी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली आणि मग म्हणाली, “गुरुजी, इथे तर नुसता राखेसारखा डाग दिसतो. पुस्तकातले चित्र खोटे आहे का?” मी घाईने म्हणालो, “तू नीट पाहिले नाहीस.” माझे उत्तर चुकीचे होते. तिने नीटच पाहिले होते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधताना हा पाठ तयार झाला.

डोळा व छायाचित्र यांतील भेद

अगदी मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निकामी असतात. म्हणून तेजोमेघ राखाडी दिसतो. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही. क्षणभरात जेवढा प्रकाश आत आला तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. छायाचित्राची काच मात्र थेंब थेंब पाण्याने भरणाऱ्या घागरीप्रमाणे प्रकाश साठविते.

अमेरिकेतील डॉ. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन यांनी आपल्या घरच्या बागेतील ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात, त्या दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसलेले तारेही उमटले. ड्रेपर पेशाने वैद्यकाचे प्राध्यापक होते, कॉमन अभियंता होते. आकाशाचा अभ्यास दोघांनीही हौसेने केला, हे मुलांना अवश्य सांगावे. आपल्याकडे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत प्रा. कावसजी नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तेजोमेघाच्या प्रकाशाचे वर्णपटाच्या साहाय्याने निरीक्षण केले होते.

अल्प काळाचेच छायाचित्र का?

ड्रेपर व कॉमन यांच्या दुर्बिणी यंत्राच्या साहाय्याने ताऱ्यांच्या मागोमाग फिरत असत. आपली दुर्बीण फिरत नाही. पृथ्वी मात्र फिरते. येथे फळ्यावर गणित मांडावे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, मिनिटाला १५ कला आणि सेकंदाला १५ विकला. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला. तेव्हा आकाश चंद्राच्या रुंदीएवढे सरकण्यास १,८०० ÷ १५ = १२० सेकंद लागतात. पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण न हलविता घड्याळ लावून मुलांनी हे पडताळून पाहावे.

यावरून ध्यानात येईल की, स्थिर दुर्बिणीतून १० सेकंदांचे छायाचित्र घेतल्यास तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतील. म्हणून एका वेळी सुमारे एक सेकंदच प्रकाश घ्यावयाचा. परंतु एका सेकंदाच्या चित्रात तेजोमेघ अगदी पुसट असतो, आणि यंत्राच्या स्वतःच्या दोषामुळे चित्रभर खोटे ठिपके उठतात. खरा प्रकाश कोणता आणि खोटा कोणता, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. उपाय एकच : अशी पुष्कळ चित्रे घेऊन त्यांची बेरीज करावयाची.

फाशांचा प्रयोग

बेरजेने हे कसे साधते, ते सापशिडीच्या फाशाने दाखवावे. मुलांकडून दहा घरांच्या ४० कागदी पट्ट्या करून घ्याव्यात. प्रत्येक घरासाठी एकदा फासा टाकून येईल तो आकडा लिहावा. नंतर शिक्षकांनी पट्ट्या गोळा करून, कोणालाही न सांगता, एकाच ठराविक घरातील आकडा प्रत्येक पट्टीवर १ ने वाढवावा. हा आपला “तारा”. एखाद्या पट्टीवर त्या घरात ७ आल्याने गुपित फुटू नये, म्हणून मुलांना प्रथम अशी एकच पट्टी दाखवावी की जिच्यात ७ नाही. तारा कोठे आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मग चाळीसही पट्ट्यांची घरवार बेरीज करावी. फाशाची सरासरी साडेतीन. म्हणून इतर घरांची बेरीज १४० च्या आसपास, बहुधा १२० ते १६० यांच्या दरम्यान येईल. ताऱ्याच्या घराची बेरीज मात्र १८० च्या जवळ जाईल. फासा कधी वर जातो, कधी खाली, आणि त्याची चूक आपसांत फिटत जाते. खरा प्रकाश प्रत्येक वेळी त्याच घरात पडतो, म्हणून तो साचत जातो.

याचा नियम वर्गमुळाचा आहे. ४ चित्रांनी स्पष्टता २ पट होते, २५ चित्रांनी ५ पट, १०० चित्रांनी १० पट. १० ची २० पट करावयाची तर चित्रे ४०० लागतात.

प्रत्यक्ष कृती

साहित्य : ११४ किंवा १३० मि.मी. आरशाची दुर्बीण, कमी शक्तीचे (२५ मि.मी.) नेत्रभिंग, मोबाइल नेत्रभिंगावर घट्ट बसविण्याची पकड, संगणक. दुर्बीण नसल्यास जवळच्या महाविद्यालयाकडून किंवा हौशी निरीक्षकांकडून मागून आणावी.

१. पंचांग पाहून अमावास्येजवळची रात्र निवडावी. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास मृग दक्षिणेस उंच असतो. पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली लहान ताऱ्यांची एक उभी ओळ आहे. तिच्या मध्यावर तेजोमेघ आहे.

२. मोबाइलमधील रात्रीची आपोआप सुधारणा करणारी सोय बंद करून हाताने मांडणी करावी : काळ १ सेकंद, संवेदनक्षमता (आय.एस.ओ.) १६००. राजन्य तारा लहानात लहान ठिपका दिसेल असे भिंग जुळवावे.

३. बोटाच्या धक्क्याने चित्र हलू नये म्हणून तीन सेकंदांनंतर चित्र घेणारी सोय वापरावी. दर दहा चित्रांनंतर तेजोमेघ पुन्हा मध्यभागी आणावा. अशी १०० चित्रे घ्यावीत.

४. दुर्बिणीवर झाकण घालून त्याच मांडणीने आणखी २० चित्रे घ्यावीत. या काळ्या चित्रांत फक्त यंत्राचे दोष उमटतात. ते पुढे वजा करता येतात.

५. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यांसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीने ताऱ्यांवर तारे जुळवून बेरीज करावी.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. रात्रीच्या पाठास पालकांना बोलवावे व मुलांना घरापर्यंत पोचविण्याची व्यवस्था आधी करावी. विजेरीला लाल कागद लावावा, आणि डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. छायाचित्र घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाने तेजोमेघ स्वतःच्या डोळ्याने पाहून पेन्सिलीने त्याचे रेखाटन केलेच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता सत्याची. आपले चित्र फिके आले म्हणून दुसऱ्याचे सुंदर चित्र आपले म्हणून भिंतीवर लावू नये. चित्राखाली तारीख, वेळ, गाव, दुर्बीण, चित्रांची संख्या, प्रत्येकाचा काळ, आणि रंग वाढविले असल्यास तेही लिहावे.

समारोप

शंभर चित्रांची बेरीज म्हणजे अवघा १ मिनिट ४० सेकंदांचा प्रकाश. पण तो सुमारे १,३०० वर्षांपूर्वी, वेरूळचे कैलास लेणे पुरे होण्याच्या आधी, तेथून निघालेला आहे. त्या बेरजेत ढगाचे पसरलेले दोन पंख आणि फिकट गुलाबी छटा दिसू लागते. मुलांचे रेखाटन व हे छायाचित्र वर्गात शेजारी शेजारी लावावे. त्या मुलीला मी त्या रात्री जे सांगावयास हवे होते, ते मुलांना तेव्हा सांगता येईल : तुझा डोळाही खरा आहे आणि चित्रही खरे आहे, मात्र चित्र कसे तयार झाले, हे विचारण्याचा तुझा हक्क आहे, आणि ते सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.